पेज कुणाच्या वाट्याला

निपाणी,
ता. ५ डिसेंबर १९३७

ती. स्व. मारुतीअण्णास,
धाकट्या जयाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू सर्व्हिस मोटारीच्या टपावरून पाठवलेले तांदळाचे पोते काल सुखरूप पोचले. सासूबाईंनी शिवण उसवून मूठभर तांदूळ परातीत घेतले आणि शेजारणींना हाका मारून दाखवले. कंग्राळीचा तांदूळ म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या, असे सगळ्या म्हणाल्या. आईला सांग, तिची मान इथे ताठ आहे.

पाहुण्यांची, म्हणजे तुझ्या मेव्हण्यांची, प्रकृती मात्र तू दिवाळीला पाहिलीस त्याहून खालीच आहे. गेल्या वर्षीचा विषमज्वर गेला, पण जाताना पायांतले बळ घेऊन गेला. तळव्यांना मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात. परवा शाळेच्या पायरीवर पडले. हेडमास्तर भला माणूस आहे, पण त्यांनी स्पष्टच सांगितले की मार्चात इन्स्पेक्टरसाहेब यायच्या आत वर्गात उभे राहून शिकवता आले पाहिजे, नाहीतर जागेवर दुसरा मास्तर घ्यावा लागेल. तेव्हापासून घरात कुणी मोठ्याने हसत नाही.

इथे एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. पंधरा दिवसांपूर्वी मुलींच्या शाळेत त्यांनी बायकांपुढे आहारावर भाषण केले. धान्याच्या सालात, कोंड्यात, पाल्यात जीवनसत्त्वे असतात आणि आपण नेमके तेच फेकून देतो, असे म्हणाल्या. निम्म्या बायका पेंगत होत्या. मला मात्र तिथून उठावेसेच वाटेना. दुसऱ्याच दिवशी मी गव्हाचा कोंडा घालून थालीपीठ लावले. सासूबाईंनी एक घास खाऊन, गोणपाट भाजलंस का गं, असे विचारले. मग नाचण्याची आंबील केली, ती तीन दिवस मी एकटीनेच प्यायली. हुलग्यांना मोड आणून उसळ केली ती झकास झाली, पण पाहुण्यांच्या ताटात वाढू दिली नाही. आजारातून उठलेल्या माणसाला हुलगे बाधतात म्हणे. आता शेवग्याच्या पाल्यावर माझा डोळा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे. लोभ आहेच, तो माझ्या आंबिलीसारखा आंबू देऊ नकोस.

तुझी,
जया


कंग्राळी,
ता. १२ डिसेंबर १९३७

चि. सौ. जयास,
मारुतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. थालीपिठाचे वाचून तुझी वहिनी खो खो हसली. लहानपणी दुधात चिंच टाकून, आता काय होतंय बघू, म्हणत बसणारी पोरगी तूच ना? त्या दुधापायी आईने मला बडवले होते, ते मी विसरलेलो नाही.

पाहुणे पडल्याचे ऐकून आई मात्र चुलीपुढे बसून रडली. तिने लगेच तुपाचा डबा भरला आणि आणखी अर्धे पोते तांदूळ कॅम्पाच्या वाटेवरच्या गिरणीतून काढून आणला. गिरणीवाल्याला सांगून दोनदा फिरवून घेतला, कणीन् कणी वेचली. तिचा हुकूम आहे की जावयाला तिन्ही वेळेला हाच मऊ भात तूप घालून वाढायचा, आणि तुझे ते कोंडे-पाले चार हात लांब ठेवायचे.

मला बैलाच्या पायातले कळते, माणसाच्या नाही. पण त्या डॉक्टरीणबाईंना पाहुण्यांचे पाय एकदा दाखव. नुसती भाषणे ऐकून काय होणार?

सासूबाईंना नमस्कार सांग. पत्राला उशीर करशील तर मी स्वतः येऊन तुझी आंबील पिईन, एवढा धाक पुरे.

तुझा,
मारुती


निपाणी,
ता. २ जानेवारी १९३८

ती. स्व. अण्णास,
जयाचा नमस्कार. वि. वि.

तुझे ऐकले आणि पाहुण्यांना दाखवून आणले. डॉक्टरीणबाईंकडे एक लहानशी हातोडी आहे. खुर्चीवर बसवून गुडघ्याखाली ती हलकेच मारतात. पाहुण्यांना धीर यावा म्हणून आधी माझ्या गुडघ्यावर मारली, माझा पाय टुणकन उडाला. सासूबाईंचा तर असा उडाला की डॉक्टरीणबाईंना लाथच बसायची. मग पाहुण्यांची पाळी आली. त्यांचा पाय जागचा हललासुद्धा नाही. दुसऱ्यांदा मारले, तिसऱ्यांदा मारले. आम्ही तिघे त्या पायाकडे नुसते बघत राहिलो.

मग त्यांनी मला एक काम सांगितले. घरात कोण काय खाते ते आठ दिवस लिहून आणायचे. असले काम मला हवेच होते! मी पाटीवर नाही, चांगल्या कागदावर रकाने आखले. पाहुण्यांच्या रकान्यात तिन्ही त्रिकाळ पांढरा भात, तीन पाण्यांनी धुतलेला, पेज निथळून काढलेला, वर तूप-मीठ आणि ताक. सासूबाईंच्या रकान्यात भाकरी, झुणका, पालेभाजी. मग गंमत म्हणून आमच्या चांदी म्हशीचाही रकाना आखला. तांदळाचे धुवण, भाताची पेज, कोंडा, भाज्यांचे देठ. माझे काय, मी आहेच.

म्हशीचा रकाना वाचून डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या की या घरात सगळ्यांत चांगले खाते ती म्हैस. पाहुण्यांना बेरीबेरी नावाचा रोग आहे. तांदळाच्या वरच्या तांबड्या पापुद्र्यात जे सत्त्व असते ते गिरणीत जाते, त्यातूनही उरलेले धुवणात जाते, शेवटचे पेजेबरोबर जाते. पाहुण्यांच्या ताटात येतो तो चोथा. रोग वेळेत सापडला आहे, पाय परत येतील, असे त्यांनी सांगितले. पण औषधापेक्षा जेवण बदलले पाहिजे. भाकरी त्यांना तापापासून पचत नाही, तेव्हा भातच द्यायचा, पण हातसडीचा, तांबडा, पेज न काढता. जोडीला मोडाची कडधान्ये आणि शेंगदाणे.

निपाणीच्या बाजारात तसला तांदूळ मिळत नाही, सगळा गिरणीचाच. म्हणून आईला सांग, आपल्या घरचा तांबडा तांदूळ उखळात एकदाच कांडून, कोंड्यासकट पाठव. सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. ज्या भाताने मी लेक जगवला त्यालाच ही बया विष म्हणते, असे शेजारी सांगत होत्या. त्यांचेही खोटे नाही रे.

उत्तर परतीच्या टपालाने पाठव. तेवढी एक माया या वेळी जरा घाईने कर.

तुझी,
जया


कंग्राळी,
ता. ९ जानेवारी १९३८

चि. सौ. जयास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आईला वाचून दाखवले आणि वाचले नसते तर बरे, असे वाटले. खालचे सगळे तिच्या तोंडचे आहे. एक अक्षर बदलायचे नाही, असे बजावून ती माझ्यासमोर बसली आहे.

जया, तुजं डोस्कं फिरलंय का काय गं? जावयाच्या ताटात तांबडा भात? तुजं लगीन झालं त्या साली म्या घरी कांडलेला तांदूळ धाडला व्हता. तवा तिकडच्या कुणा बाईनं, ह्यो तर गड्यामान्सांचा तांदूळ, म्हणून नाक मुरडलं. तुला कुणी सांगितलं न्हाय, माज्या कानावर मागनं आलं. त्या दिसापासनं येक पोतं बी मी गिरणीबिगर धाडलं न्हाय. तांबडं, कण्या, कोंडा आमी खातो, त्ये आमचं आमच्यापाशी. तुमच्या म्हशीनं खायाचं त्ये जावयाला धाडायची येळ अजून माज्यावर आल्याली न्हाय. तिकडं काय अडचण असंल, तुला पोटभर घालत नसतील, तर तसं लिव. मारुती येऊन घेऊन जाईल. पर असलं काय मागू नगं. जावयास्नी लई इचारलंय म्हणून सांग.

मी मध्ये बोलायला गेलो तर मला म्हणाली की तू मास्तराचा मेव्हणा हाईस, मास्तर न्हवंस. ही बाई माझे काही ऐकत नाही. तुला लिहायचे ते थेट तिला लिही, मी मोठ्याने वाचीन.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहून रागाव.

तुझा,
मारुती


निपाणी,
ता. १५ जानेवारी १९३८

ती. गं. भा. आईस,
जयाचा चरणी माथा. वि. वि.

आई, मला इथे भरपूर मिळते आणि मला कुणी छळत नाही. सासूबाई अबोला धरतात, पण माझ्या डोक्याला तेल लावायला विसरत नाहीत. तेव्हा तो विचार मनातून काढ.

मला भीती वाटते आहे, म्हणून लिहिते. पाहुणे आता भिंत धरून दारापर्यंत जातात. काल शाळेला निघताना उंबऱ्यात थांबले आणि आपल्या पायात चप्पल आहे का, असे त्यांनी मला विचारले. चप्पल होती. मी हो म्हटले आणि आत जाऊन चुलीमागे रडले. त्यांच्या जागेवर घ्यायच्या मास्तराचे नावही शाळेत ठरले आहे, असे ऐकते.

सासूबाईंच्या मी पाया पडले. त्यांनी मला एक महिना दिला आहे. महिन्यात फरक दिसला नाही तर पुन्हा पांढरा मऊ भात, आणि मी चुलीपाशी शहाणपणा करायचा नाही, असे ठरले आहे. मी कबूल झाले. पण तांदूळच नसेल तर महिन्याचे काय करू?

तुझा मान मी कधी कमी होऊ दिला नाही. नाक मुरडणाऱ्या बाईला मी बघून घेईन, तिला तोच भात वाढीन. गिरणीने जे वरचे काढून टाकले तेवढेच मला हवे आहे. तू कांडलेला भात खाऊन मी आणि अण्णा वाढलो, आमचे पाय बघ की. मला दुसरे काही नको.

तुझ्याशिवाय मागू कुणाजवळ? नाही म्हणालीस तरी मी तुझीच.

जया


कंग्राळी,
ता. २१ जानेवारी १९३८

चि. सौ. जयास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी वाचले. चपलेपाशी आलो तेव्हा आईने हात वर करून थांबवले आणि तेवढेच पुन्हा वाचायला लावले. मग उठून गेली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी बघतो तर उखळ घासून धुऊन अंगणात पालथे घातलेले, आणि त्यात मिरच्या कांडतात म्हणून तुझ्या वहिनीला बोल लावणे चाललेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कांडायला बसली. वहिनीने मुसळाला हात लावला तर हात झटकला. शेजारच्या बायका आल्या, त्यांनाही परत पाठवले. तिचे म्हणणे एकच, की पोरीचं नाव राखायला म्हणून मी गिरणीची वाट धरली आन् जावयाचं पाय घालवून बसले, तवा आता कांडीन तर मीच. तळहाताला फोड आले आहेत, हळद लावून पुन्हा बसते आहे. मी तिला पुष्कळ सांगितले की तुला कसे ठाऊक असणार. पण ती ऐकणारी असती तर ती आपली आई कशी?

तांदूळ, हुलगे, भुईमुगाच्या शेंगा घेऊन गुरुवारच्या मोटारीने मी स्वतः येतो. आईने बजावले आहे की गिरणीचे तिचे कारण जावयाला कळता कामा नये. मी हो म्हटले आहे, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहेच.

भेटीत उरलेले बोलू. माया तेवढी पोत्याच्या आधी पोचो.

तुझा,
मारुती


निपाणी,
ता. १७ एप्रिल १९३८

ती. स्व. गं. भा. रुक्माबाई मामींच्या चरणी,
जावई हरीचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

लग्नाला सहा वर्षे झाली आणि मी तुम्हाला पहिलेच पत्र लिहितो आहे. आळस म्हणा, संकोच म्हणा, चूक माझीच आहे.

मार्चात इन्स्पेक्टरसाहेब येऊन गेले. पहिला तास मी उभ्याने भूगोल शिकवला. दुसऱ्या तासाला टेबलाची कड धरली. तिसऱ्याला साहेबच म्हणाले की मास्तर, बसा आता. जागा राहिली. शाळेत चालत जातो, अजून काठी लागते, डावा तळवा अजून झोपलेलाच आहे. उजव्याला मात्र परवा वाटेत खडा टोचला. मी तिथेच थांबून हसलो, मला वेड लागलेसे लोकांना वाटले असेल.

तुमचा तांबडा भात पहिले पंधरा दिवस मला मुळीच आवडला नाही. चावून चावून गाल दुखले. पण जयाने त्याचे काय काय केले! पेज न काढता शिजवला, हुलग्याच्या कढणात शिजवला, दळून मेथी घालून घावने केली. एकदा गूळ घालून काहीतरी केले, त्याला अजून नाव सापडलेले नाही. महिना संपला त्या दिवशी आमच्या आईने मला अंगणात चालायला लावले, मग नवे उखळ आणवले. आता ती शेजारणींना तांबड्या तांदळाचे गुण सांगते आणि ही युक्ती पहिल्यापासून आपलीच होती, असेही सांगते. जया पदर तोंडाला लावून ऐकते.

मारुतीरावांनी मला गिरणीचे कारण सांगितले. त्यांना रागावू नका. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले होते. पण आणखी एक गोष्ट झाली आहे आणि ती तुम्हालाच सांगावीशी वाटते.

जयाने आठ दिवस लिहिलेला तो कागद गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला परत दिला. म्हशीच्या रकान्याची थट्टा मी ऐकून होतो, म्हणून कौतुकाने वाचायला बसलो. त्यात शेवटी एक बारीक रकाना होता, जयाचा. त्यात भाकरी, चटणी. भाकरी, मीठ. भाकरी, चटणी. आणि दोन संध्याकाळी लिहिले होते, ‘उरले नाही.’ त्या दोन्ही संध्याकाळी मी पलीकडच्या खोलीत बसून आणखी तूप मागितले असणार. इतकी वर्षे मी पोरांच्या वह्या तपासतो. माझ्या घरातली ही एवढी ओळ मला दिसली नव्हती. मामी, मला फार लाज वाटली. ज्याच्या त्याच्या वाट्याचे चांगले ते माझ्या ताटात आले आणि त्यानेच मी आजारी पडलो, हे मला अजून धड समजलेले नाही.

पाडव्यापासून आम्ही तिघे एकाच पंगतीला बसतो. आई पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून जेवली, आता सरळ बसते. भाजी आधी तीन वाट्यांत घालायची, मग जेवायला सुरुवात. म्हशीचे दूध थोडे कमी झाले आहे, अशी जयाची तक्रार आहे.

तुम्ही तांदूळ कांडून पाठवला, हाताला फोड आले, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. एवढेच मला कळले, आणि तेही मारुतीरावांनी लिहिले म्हणून. तुमच्या घरी सगळ्यांचे झाल्यावर तुम्ही काय घेता, हे मी कधी विचारले नाही, आणि मला वाटते कुणीच विचारले नसेल. म्हणून विचारतो. आज तुम्ही काय जेवलात? जे असेल ते, एक अक्षर न बदलता, मारुतीरावांकडून लिहवून पाठवा.

एवढा एक लोभ करावा. मी टपालाची वाट पाहतो आहे.

तुमचा,
हरी