सुलतानचा परीघ

२१ डिसेंबर, रविवार. रात्री जेवणानंतर.
देवणीहून परत अहमदपूर. काम जवळजवळ फत्ते.
लेक मंजुश्रीचं स्थळ पाहायला गेलो होतो. मुलगा शिवकुमार. दोघं पशुवैद्यकीच्या एकाच वर्गात, त्यामुळे पसंती त्यांची त्यांनीच उरकली आहे. आमच्याकडे फक्त होकार मिळवण्याचं काम उरलं. मुलाचे वडील गुंडप्पा यांनी बर्री, बर्री म्हणत कानडीत या-या केलं आणि घरात न नेता सरळ गोठ्यात नेलं. तिथे सुलतान. देवणी जातीचा वळू, पाच वर्षं प्रदर्शनात पहिला. मी गोठ्याच्या दारातूनच पाहिला, कारण तिथून समग्र दर्शन होतं. म्हणालो, छातीचा घेर सहा फुटांच्या पुढेच असणार. गुंडप्पा खूश. नजर हाय बगा पत्रकार तुमाला, म्हणाले. यंदा आमचा मोजणीचा पंच लेकाकडे पुण्याला गेलाय, तुमीच व्हा पंच.
नाही कशाला म्हणू? बावीस वर्षं वार्ताहर आहे, मोजून-मापूनच लिहितो.
लग्नाचं बोलणं प्रदर्शनानंतर. माणूस जनावरापाशी कसा हुबा राहतो ते बगून मी सोयरीक करतो, असं गुंडप्पांचं म्हणणं. प्रदर्शन ११ जानेवारीला.
परतताना एसटीत बायको, शिवकन्या, खिडकीशी बसली. उदगीर गेल्यावर म्हणाली, गल्लीत गाय नुसती बसलेली असली तरी तुम्ही मागच्या रस्त्यानं घरी येता.

२२ डिसेंबर
भीतीचा प्रश्नच नाही. आदर आहे. आदरात अंतर राखावं लागतं. देवळातल्या नंदीला मी रोज हात लावून नमस्कार करतो. तो दगडाचा आहे, हा त्याचा एक गुण झाला.
चौकशी केली. घेर मोजायचा म्हणजे टेप पुढच्या पायांमागून पोटाखालून घालून पलीकडून घ्यायचा. म्हणजे वाकायचं. म्हणजे डोकं तिथे न्यायचं.
मंजुश्रीचा फोन. पप्पा, दोन मिनिटांचं काम आहे, मी शिकवते. नको म्हणालो. पाठशाळेत सात वर्षं व्याकरण घोकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

२४ डिसेंबर
उपाय सापडला! पहाटे, प्राणायाम करताना. (प्राणायाम कालपासून सुरू.)
घेर म्हणजे परीघ. परीघ मोजावा लागत नाही, काढता येतो. व्यास कळला की झालं. आणि व्यास लांबून घेता येतो. आपल्या पूर्वजांनी हे गणित श्लोकात घालून ठेवलं आहे. श्लोक मला पाठ आहे. उत्तर मात्र श्लोकातून बाहेर येत नाही.
संकल्प: अठरा दिवसांत परीघ. रोज एक तास. चहा बंद.

२५ डिसेंबर
चहा चालू. डोकं दुखतं.
घरातल्या तव्यावर पहिला प्रयोग. व्यास २८ सेंटिमीटर. पुस्तकातलं सूत्र लावलं. परीघ आला ६१६. म्हणजे सहा मीटरच्या वर. शिवकन्या म्हणाली, एवढा तवा असता तर आख्ख्या अहमदपूरच्या भाकरी एका घाण्यात झाल्या असत्या. तवा गरम होता तेव्हा मोजला, प्रसरण पावला असेल.

२६ डिसेंबर
प्रसरण नव्हे. समोरच्या लुंबिनी मॅडम हायस्कूलला गणित शिकवतात, त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. सहज विचारतोय, लेखासाठी, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही क्षेत्रफळ काढलंत. मी म्हणालो, असं का, दोन्ही एकाच पानावर होती. म्हणाल्या, सातवीतली पोरंही हेच सांगतात.
व्यास गुणिले बावीस भागिले सात. तवा ८८. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ज्ञान सोपं करून सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हीच अडचण.

३० डिसेंबर
तीन दिवस खाडा. नगरपालिकेच्या बातम्या. शिवाय नेट नव्हतं. (वहीला नेट लागत नाही, हे शिवकन्येने सांगितलं.)
आज गच्चीवरची पाण्याची टाकी. व्यास साडेतीन फूट. परीघ अकरा. दोरी गुंडाळून ताळा घेतला, अकरा! खाली येऊन पेढे आणले. शिवकन्येने विचारलं, स्थळाचं पक्कं झालं का? म्हणालो, टाकीचं झालं.

१ जानेवारी
नववर्षाचा संकल्प: नवे संकल्प नाहीत.
मॅडम आज एक वाक्य बोलल्या, दोनदा अधोरेखित करून ठेवतो. वर्तुळाचा व्यास कोणत्याही बाजूने घ्या, तेवढाच भरतो.
कोणत्याही बाजूने! म्हणजे शिंगं सोडून. लाथ सोडून. जनावर ज्या बाजूने परवानगी देईल त्या बाजूने. हे आधी कुणी का सांगितलं नाही? अठ्ठेचाळीस वर्षं वाया गेली.

३ जानेवारी
प्रेम सुताराकडून यंत्र करून घेतलं. आठ फुटांचा दांडा, टोकाला दोन आडव्या पट्ट्या, एक पक्की, एक दोरीने सरकणारी. मधलं अंतर म्हणजे व्यास. त्याला मी दूरस्थ-व्यासमापक असं नाव दिलं. प्रेम म्हणाला, सर, आंबे काढायला करून राहिलाव का? हंगामाला लई टाइम हाय अजून.
हाव म्हणालो. शास्त्राची चर्चा रस्त्यावर करू नये.

६ जानेवारी
मंजुश्री घरी आली. यंत्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याजवळ बसली. तिला इतक्या हळू आवाजात बोलताना मी फार दिवसांनी ऐकलं. पप्पा, मला याच घरात जायचंय. तुम्ही फक्त टेप घाला. नाहीतर जमत नाही म्हणून सांगा, मी बोलते त्यांच्याशी.
माझ्यावर विश्वास ठेव, म्हणालो.
ती उठून गेली. गणित मात्र पक्कं आहे. जेवण गेलं नाही.

८ जानेवारी
स्वप्नात सुलतान. पूर्ण गोल होता. पाय नव्हते. घरंगळत माझ्याकडे आला.

१० जानेवारी, शनिवार
पाढे: बावीस एके बावीस ते बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव. आलं. सातने भाग: कधी येतो, कधी येत नाही. उद्या येईल.
ताप आहे असं वाटतं. थर्मामीटरला वाटत नाही.

११ जानेवारी, रविवार. देवणी. सकाळी ९.१०
मंडप मोठा आहे. हजार-दीड हजार माणूस. छातीला पंच असा बिल्ला. गुंडप्पांच्या घरच्या मल्लम्मा वहिनी पहिल्या रांगेत. मंजुश्री आणि शिवकुमार एकमेकांपासून दहा फुटांवर उभे आहेत, म्हणजे कुणाला काही कळायचं बाकी नाही.

११.४०
मोजणी संपली!! यंत्राने कमाल केली. जो शांत उभा राहिला त्याचा व्यास बाजूने, वशिंडाच्या मागे वरून खाली घेतला. जो डोळे वटारत होता त्याचा समोरून, आडवा, घाईने. सुलतानचा समोरूनच घेतला, ४९. एका वळूने तर हलायचंही नाव काढलं नाही, फार सभ्य. सटवाजी नावाच्या माणसाचा. बाजूने ६३. एकूण बारा जनावरं. एकालाही हात लावला नाही, एकही ओरखडा नाही.
कागदावर अकराच नावं आहेत. लिहिणाऱ्याची चूक.

दुपारी ४. मंडपामागे, ट्रॅक्टरच्या सावलीत
जमेल तसं लिहितो.
माइकवरून निकाल मीच जाहीर केला. प्रथम, घेर १९८ सेंटिमीटर, सटवाजी यांचा वळू. टाळ्या नाहीत. सटवाजी पुढे आले, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, सायेब, ह्यो इनामाचा न्हाई. ह्यो तं पाण्याची टाकी वडून आणायलाय. बैल हाय बिचारा, वळू बी न्हाई.
हसण्याचा आवाज मी अनेक सभांत ऐकला आहे. असा नाही.
मग कुणीतरी सुलतानचं विचारलं. कागद माझ्या हातात होता. वाचला. १५४. दहावा.
गुंडप्पा हसले नाहीत. आले, खिशातून टेप काढला आणि माझ्या हातात दिला. चार माणसांसमोर म्हणाले, व्याही होऊन राहिलो की आपण. तुमीच घाला.
सुलतान तीन पावलांवर. त्याच्या नाकातून वारा येत होता, माझ्या शर्टाची बटणं हलत होती. मी मंजुश्रीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. अठरा दिवसांत मी तिच्यासाठी काय काय केलं ते मनात मोजलं. टेप घालणं सोडून सगळं केलं होतं.
मग बोललो. इथे लिहून ठेवतो, छापून तर येणार नाही. म्हणालो, गुंडप्पा, मला बैलाची भीती वाटते. लहानपणापासून. पोरीचा यात काही दोष नाही.
माइक चालूच होता.
मंजुश्री आली. माझ्या हातातून टेप घेतला. सुलतानच्या मानेवर थाप मारली, वाकली, पलीकडून टोक घेतलं. १९४. मी घाम पुसला तेवढ्या वेळात तिने सगळी अकरा मोजून टाकली. सुलतान पहिला. गुंडप्पा बक्षीस घेऊन गेले. माझ्याशी शब्द नाही.

१२ जानेवारी
बातमी पाठवली: प्रदर्शन उत्साहात पार पडले. चार ओळी. संपादकांचा फोन, पंचाचं नाव का नाही? जागा नव्हती, म्हणालो.
लुंबिनी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. सर, वळूची छाती वर्तुळ नसते, अंड्यासारखी असते, उंचीला जास्त, रुंदीला कमी. हे तुम्ही आधी सांगायचं होतं, म्हणालो. त्या म्हणाल्या, तुम्ही लेखासाठी म्हणाला होतात.

१४ जानेवारी
देवणीहून फोन नाही. मंजुश्री अभ्यास करते असं म्हणते. पुस्तकाचं पान सकाळपासून तेच. तिला काही बोलायला गेलो, दारातून परत आलो. संक्रांतीचे तीळगूळ वाटले. गोड बोला, असं म्हणताना दोनदा खोकलो. धूळ फार आहे हल्ली.

१५ जानेवारी. सकाळी
अजून नाही. रेंज आहे. तीनदा पाहिली.

१७ जानेवारी, शनिवार
फोन! मल्लम्मा वहिनींचा. मालक बोलत न्हाईत म्हणून मीच लावला, म्हणाल्या. पोरगीनं हात लावला अन् सुलतान हलला न्हाई, तवाच मालकांचं पक्कं झालं. त्या दिवसापासनं नुसते फुगून बसलेत, दहावा नंबर वाचला म्हणून. अन् तुमचं म्हणाल तर, एवढ्या लोकांत खरं बोलणारा व्याही मला चालतो. पेपरवाला असून खरं बोललाव!
मी धन्यवाद म्हणालो की नाही ते आठवत नाही. शिवकन्येने माझ्या हातातून फोन घेतला. मंजुश्री आतून पळत आली आणि वीस वर्षांत आली नव्हती तशी येऊन गळ्यात पडली.
लग्न २२ फेब्रुवारीला, अहमदपुरात.
एकच अट. नवरदेव बैलगाडीतून येणार आणि गाडीला सुलतान. त्याला टेम्पोतून वेशीपर्यंत आणतील. तिथे मुलीच्या बापाने सामोरं जाऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं. त्यांच्याकडची पद्धत आहे. गुंडप्पांनी हे स्वतः फोनवर येऊन सांगितलं. एवढंच सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार
शांतपणे विचार केला. घाबरण्याचं कारण नाही. दावं सात फुटांचं. खुंटी मध्यबिंदू. म्हणजे त्रिज्या सात, परीघ दोन गुणिले बावीस भागिले सात गुणिले सात, चव्वेचाळीस फूट. या वर्तुळाबाहेर सुलतान येऊ शकत नाही, हा सिद्धान्त आहे. दाव्याला ताण बसू द्यायचा, मी आठव्या फुटावर, हात लांब करून कुंकू.
मॅडमना दाखवलं. पहिल्यांदा सगळं बरोबर आलंय, म्हणाल्या.
मग शिवकन्येला दाखवलं. तिने चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली. आणि विचारलं, गाडीला जुंपलेल्या बैलाला खुंटी कुठं असते हो?