चोळायचं नाही

मंगळवार, घिवली. दिवेलागण.

काहीच वाटत नाहीये. वाटायला पाहिजे ना?

पालघरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, बाबांच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी आहे. फुफ्फुसं आधीच खराब, त्यात झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो. ऑक्सिजन कमी पडतो, आतली सूज हटत नाही, मग रक्त लवकर गोठतं म्हणे. पुढचं अर्धं निसटलं, मी दवाखान्यातल्या काचेच्या टाकीतले मासे बघत होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात.

आईने विचारलं, "लसणीचं तेल चोळते मी रोज, चालंल ना?"

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "अजिबात नाही. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस जातो."

आई रिक्षात तळहात पदराला पुसत राहिली. पोटरी सुजली की वात समजून चोळतात, आमच्याकडे सगळेच. किती दिवस चोळत होती ती? मला कसं माहीत असणार, मी घरी कुठे असतो?

आत्ता बाबा ओटीवर टेकलेत. पोटरी तशीच टम्म.

"चोल गो जरा, ठणकते."

"नाय."

"डॉक्टर काय बगायला येतो इथं?"

"नाय सांगितलं ना."

बाबा पुटपुटत राहिले, मग बसल्याबसल्याच डोळा लागला. घोरणं सुरू, आणि मध्येच थांबलं. आई दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्या छातीकडे बघत बसलीय. मीही बघतोय.

झालं, घोरणं परत सुरू.