ह्यांच्या धोतराचे पाच तुकडे

१२ मे
लू चालली आहे, वारा नुसता भाजतोय. पन्हं केलं, गूळ जरा जास्तच पडला. उतारावरच्या शेवटच्या घरातल्या मीनाच्या गोलूला पुन्हा जुलाब. दोन वर्षांचा झाला, वजन काही वाढेना. मी मीनाला म्हटलं, "हात धूत जा गं नीट." ती बोलली, "धोती तो हूँ, अम्मा." मनात म्हटलं, हो, दिसतंय. आमच्याकडे सासूबाईंपासून नळाला कापड बांधायची रीत. कोणी आजारी पडत नाही.

१५ मे
नात जुई आठवीत गेली. शाळेने सुट्टीत काम दिलंय, गल्लीच्या पाण्याबद्दल. "आजी, कापड दे ना, एकदम सफेद." ट्रंकेत ह्यांचं धोतर होतं, ते गेल्यापासून हात लावला नव्हता. पहिला टर्र आवाज झाला तेव्हा जरा... असो. पाच तुकडे. जुई वरच्या आमच्या घरापासून खाली मीनापर्यंत पाच नळांना बांधून आली.

१६ मे
नळ गेल्यावर पाची कापडं दोरीवर, घरांच्या क्रमाने. आमचं पांढरं. शर्मांचं पांढरं. तिसरं चहाच्या रंगाचं, चौथं त्याहून वाईट. मीनाचं काळं, वास मारत होतं. पाइप जुना, नालीतूनच जातो. पण आमचाही तोच! मग आमचं पाणी साफ कसं? जुईने भिंतीजवळ नळाला जोडलेल्या टुल्लू मोटरकडे बघितलं.
"वरची घरं मोटरने खेचतात ना आजी, खाली पाइप रिकामा पडतो. मग फुटक्या जागेतून नाली आत शिरते."
"आपली मोटर पण?"
"आपली पण."
आणि मी गोलूच्या आईला हात धुवायला शिकवत होते. दुपारी जेवण गेलं नाही. पण खोटं कशाला लिहू, कौतुकही वाटलं, एवढीशी पोर आजीला तोंडावर सांगते! ह्यांच्यावर गेली आहे अगदी.

१७ मे
मोटर बंद. माझा सुधीर चिडला. "आई, वरची टाकी कशी भरायची? इतनी गर्मी में?" म्हटलं, बादलीने, तुझे बाबा भरायचे तशी. जुई शर्माबाईंकडे गेली. त्या म्हणे, "सब लगाते हैं बिटिया, एक हमारी से क्या होगा?" तरी पोरीने थोडे दिवस बंद ठेवायचं कबूल करून घेतलंच. जीभ माझी, डोकं ह्यांचं.

१९ मे
कापडं धुऊन पुन्हा बांधली होती. तिसऱ्या घरची मोटर चालूच, ते ऐकत नाहीत. तरी मीनाचं कापड पिवळट. काळं नाही, वास नाही! जुई अंगणात नाचली. मी पन्हं घेऊन खाली गेले. म्हटलं, "मीना, चूक माझी होती गं." ती हसायलाच लागली, "तो अब मेरे हाथ आप धुलाओगी, अम्मा?" धुवीन म्हटलं. पाणी मात्र उकळूनच दे पोराला, हेही सांगितलं. सवय जात नाही.

२३ मे
जुई दोरीसकट डागाळलेली कापडं घेऊन वॉर्ड ऑफिसात. सुधीरनेच स्कूटरवर नेलं, बघा, परवा चिडत होता. मी मागे कशीबशी बसले. बाबू म्हणाला, "दरखास्त लिखकर लाओ." जुईने दोरी त्याच्या टेबलावर पसरली, "यही दरखास्त है, सर." सगळं ऑफिस उठून बघायला आलं. माझी नात, असं मी तिथल्या चपराश्यालासुद्धा सांगितलं. दुपारनंतर एक माणूस आला, नालीत डोकावला, पाइपवर खडूने खूण करून गेला. पाइप कधी बदलणार ते बोलला नाही.

२८ मे
अंगणवाडीत गोलूच्या वजनाचा काटा पुढे सरकला! थोडासाच. मीना मला सांगायला पळत आली, ओढणी अर्धी जमिनीवर. जिलबी आणली सगळ्यांना.

३० मे
सकाळी नळ आला आणि शर्मांकडून घरघर. टुल्लू. त्यांच्याकडे पाहुणे आलेत म्हणे. खडूची खूण अर्धी पुसली आहे. जुई चप्पल घालत होती. म्हटलं थांब, आज मी बोलते, तू नुसती उभी राहा. मीनाच्या नळाचं, पुन्हा काळं पडलेलं ओलं कापड सोडून घेतलं, तसंच हातात, आणि शर्मांची कडी वाजवली.