अंजनाची साठ रोपे आणि चौमासा

७ जुलै २०२५, सोमवार
काल इथे 'नाल्याकाठी अंजनाची साठ रोपे लावली' असे लिहिले. दुरुस्ती: लावली नाहीत, आणली. अंगणात आहेत. भावना लावल्याचीच होती.
सोनगीरच्या आमच्या शेताचा काठ दर पावसाळ्यात नाल्यात ढासळतो. तिथे अंजनाचे एकच जुने झाड उरले आहे, मुळे उघडी पडलेले. शिवारात दुसरे नाही. नव्या मुळांनी माती धरली की तेही वाचेल. प्लॅन तयार. उद्या खड्डे.

८ जुलै
खड्ड्याच्या जागी मुंग्या. शेत सांभाळणारे पुनानाना म्हणाले, जातील बाजूला. जायला वेळ दिला.

१० जुलै
काल चौमासा बसला. आता चार महिने आम्हा जैनांनी जमीन खोदायची नाही, जीव मरतात. माझ्या आजोबांनी, दादाजींनी, मला अक्षरांच्या आधी हे शिकवले: करणे, करवणे, करणाऱ्याला बरे म्हणणे, तिन्हींचे पाप सारखेच. पुनानाना म्हणाले, 'मी खंदी टाकस माय, तू देखूच नको.' मी गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे होकार वाटेल, म्हणून घरी येऊन फोनवर 'नको' म्हटले.

२२ जुलै
मोठा पाऊस. काठ दोन हात गेला. पुनानाना विचारतात, 'नाला पंचांग देखस का?' त्यांचा अभ्यास नाही.

३ ऑगस्ट
शंका नको म्हणून धुळ्याला साध्वीजींना विचारले. म्हणाल्या, श्रावकाला शेती वर्ज्य नाही. काठाबरोबर जीव वाहून जातात, त्यांचे काय? दादाजीही म्हणाले, मी तुला मुंगी वाचवायला शिकवले, चालढकल नाही. परमिशन इतकी पटकन मिळाली की मनाला पटेना. पर्युषणानंतर पुन्हा विचारीन.

१ सप्टेंबर
पुन्हा विचारले. तेच उत्तर. आता माझी तयारी आहे, पण मुळे पिशव्या फोडून अंगणात शिरलीत. उपटली तर तुटतील, आणि वनस्पतीलाही जीव आहे. माझा भाऊ पुनीतदादा म्हणाला, छान, आपले अंगण आता नाल्यात जाणार नाही. घरात सगळे हसले. कोणालाच झाडांची तळमळ नाही.

१४ सप्टेंबर
अंजन गेले. उभेच्या उभे नाल्यात. पुनानाना काठावर बसून होते, माझ्याकडे बघेनात. मी सांगितले, साठही रोपे अजून आहेत. म्हणाले, 'मंग आते लावशी कोठे?'
प्रश्न योग्य आहे. काठ मागे सरकल्यामुळे मोजमाप नव्याने घ्यावे लागेल. चौमासा उठल्यावर पाऊसही नसेल, म्हणजे कामात व्यत्यय नाही. पहिला खड्डा: गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५.