न विटणारा पिवळा रंग

आबा, आपली सालीची भट्टी होती तिथे आता ट्रकचे टायर बदलणाऱ्याचं दुकान आहे. तुर्भ्याला कामासाठी गेले की वाटेत ते लागतं आणि दरवेळी मी तोंड फिरवते. आज फिरवलं नाही, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले.

दर पंधरवड्याला जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळावी लागायची, नाहीतर ते सुती दोर खाडीच्या पाण्यात कुजायचे. तांब्याचं मोठं भांडं, खाली जळण, आणि तू वर वाकून काठीने जाळं खालीवर करतो आहेस. तोंड मुद्दाम वाफेत धरायचास. "या वाफेनं छाती मोकली व्हते," म्हणायचास आणि मलाही मान धरून वाकवायचास. मी, तुझी लेक, गावातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. आई टोमणा मारायची, "पोरगी शिकली, आता जाल्याला हात नाय लावनार." तू हसायचास, मला मात्र ते फार लागायचं. ठाण्याच्या कॉलेजात एका जुन्या पुस्तकात वाचलं, थायोसायनेट नावाच्या क्षारावर नायट्रिक आम्ल घातलं की पिवळी पूड मिळते आणि तिचा रंग सुती कापडावरून धुऊन जात नाही. मला वाटलं, असा रंग जाळ्याला दिला की तुझी भट्टी कायमची सुटेल. तुला आधी विचारलं असतं तर तू दोन शब्दांत सांगितलं असतंस की जाळं रंगाने टिकत नाही, सालीच्या तुरटपणाने टिकतं. हे मला फार पुढे कळलं. तुला तर ते जन्मापासून माहीत होतं.

तो रविवार होता. आई मासळी घेऊन बाजारात गेली होती. क्षार मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पुडीत बांधून आणला होता, तेजाब, म्हणजे तेच नायट्रिक आम्ल, सोनाराकडून मागून घेतलं होतं. भट्टीच्या छपराखाली, चिनीमातीच्या बरणीत दोन्ही एकत्र केलं. आधी रक्तासारखं लाल झालं, मग खदखदायला लागलं आणि तपकिरी धूर छपराखाली कोंडला. मी खोकत बाहेर पळाले. तू अंगणात जाळं सांधत होतास. मी काही बोलायच्या आत उठलास, आत गेलास, बरणीवर वाकलास आणि दोन्ही हातांनी उचलून ती सावकाश बाहेर आणलीस. सालीच्या वाफेत थांबायचास तसाच त्या धुरात थांबलास, आबा.

थोडा खोकलास, पाणी प्यायलास. "आयसला बोलू नको, ती तुजा कॉलेज बंद करल," म्हणालास. मग जेवलास, होडी वर ओढायला गेलास. मी बरणीत चिंधी बुडवली, ती झेंडूसारखी पिवळी निघाली. संध्याकाळी तुला दाखवली. तू बोटांत चोळून पाहिलीस आणि म्हणालास, "रंग बेस हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला श्वास पुरेना. डॉक्टर आले, छाती तपासली, विचारलं, "काल काही वेगळं झालं होतं का? धूरबीर?" आईने माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस आणि मान अगदी जराशी हलवलीस, नाही म्हणून. मी म्हणाले, "काल खाडीत भिजलेला." त्यांनी न्यूमोनियाचं इंजेक्शन दिलं. दुपारी भरती आली तेव्हा तू नव्हतास.

पुढे मी जन्मभर रसायनशास्त्रच शिकवलं. तो धूर माणसाला काही तास हिंडूफिरू देतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरतं, हे पोरांना सांगताना माझा आवाज एकदाही कापला नाही. खरं बोलले असते तर डॉक्टरांनी तुला पडून राहायला लावलं असतं, ठाण्याला नेलं असतं, प्राणवायू लावला असता. वाचला असतास का? कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नाही, सगळी पाहिली. आई शेवटपर्यंत खाडीला शिव्या देत राहिली आणि मी तिच्या शेजारी बसून ऐकत राहिले. ती चिंधी अजून ट्रंकेत आहे. खरंच विटली नाही. ती जाळायचं धैर्य मला झालं नाही, आणि पाहायचंही होत नाही.

हा कागदही तिथेच जाईल, दुसरीकडे कुठे धाडणार? इतकी वर्षं मी स्वतःला बजावत आले की गप्प राहायला तूच सांगितलंस. पण वर लिहिताना एक गोष्ट मी गाळली आहे. तू बरणी घेऊन धुरातून बाहेर आलास, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेव्हा तुला काय होतंय, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, "रंग सांडला तर नाय ना?"

आणि धाप लागलेली असताना तू म्हणालास, "नाय गो. सगला हाय."