मावशींची एकसष्ट वाक्ये

प्रति,
मा. माहिती सुरक्षा अधिकारी,
मध्यवर्ती कार्यालय, दुसरा मजला.

विषय : शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या आवाजातील एकसष्ट वाक्ये त्यांच्या घरी देण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. १८ मार्च व दि. ९ एप्रिलचे अर्ज (दोन्ही परत आले).
२) आपली दि. २४ मार्च, १२ एप्रिल, ३ मे व २१ मे रोजीची पत्रे (काल दुपारपर्यंत उघडता आली नव्हती).

महोदय,

१. मी आवाज जतन कक्षात नऊ वर्षे ध्वनिमुद्रण सहायक म्हणून काम करीत आहे. ज्या रुग्णांचे स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढावे लागणार असते, त्यांना त्याआधी आमच्याकडे पाठवले जाते. आम्ही त्यांच्याकडून सोळाशे छापील वाक्ये वाचून घेतो. शेवटच्या दिवशी कागद बाजूला ठेवून, घरी जे बोलायची सवय आहे ते मनाने बोला, असे सांगतो. त्यांना आम्ही घरची वाक्ये म्हणतो आणि ती कुठेही लिहिलेली नसतात. पुढे या सगळ्यावरून त्या माणसाच्या आवाजात बोलणारे यंत्र तयार केले जाते.

२. जानेवारीत आपले परिपत्रक आले की सर्व ध्वनिमुद्रणे कूटबद्ध करून ठेवावीत, आणि कोणाचाही पूर्ण आवाज एकाच संगणकावर नसावा. त्यानुसार पाच संगणकांवर आपण पाठवलेली प्रणाली बसवली. छापील वाक्ये वेगवेगळ्या मजल्यांवरच्या चार संगणकांवर चारशे-चारशे, आणि घरची वाक्ये माझ्या खोलीतील पाचव्यावर. प्रणालीत किल्ल्या दोन असतात. एक फक्त बंद करते, ती पाचही संगणकांना वाटली. दुसरी उघडते, ती माझ्या एकट्याच्या नावावर ठेवली, कारण परिपत्रकात 'एकच जबाबदार व्यक्ती' असे म्हटले होते आणि बैठकीच्या दिवशी मी रजेवर होतो.

३. उघडणाऱ्या किल्लीला परवलीचे वाक्य द्यावे लागते. किमान सहा शब्दांचे, कोणाला सहज सुचणार नाही असे. दि. ११ जानेवारीला दुपारी प्रणालीने ते मागितले तेव्हा माझ्या कानावर हेडफोन होता आणि काचेपलीकडे रुग्ण म्हणून आलेल्या मावशी आपली घरची वाक्ये बोलत होत्या. मला दुसरे काही सुचेना. त्या क्षणी कानात जे वाक्य पडले तेच मी दोनदा टाइप केले. टाइप करताना मला हसू आले होते, एवढे नक्की आठवते. ते विसरू नये म्हणून एका फाइलमध्ये लिहून ठेवले. ती फाइल मी कक्षाच्याच फोल्डरमध्ये ठेवली, आणि संध्याकाळी साडेपाचला प्रणालीने नेमाप्रमाणे तो फोल्डर कूटबद्ध केला. फेब्रुवारीतील तपासणीत आमच्या कक्षाला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला, तो याच फोल्डरबद्दल.

४. त्यानंतर ते वाक्य मला पुन्हा टाइप करावे लागले नाही, कारण संगणक चालू असेपर्यंत प्रणाली ते स्वतःच लक्षात ठेवते आणि माझ्या संगणकावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आहे. दि. १७ मार्च रोजी वायरमननी रीतसर परवानगी घेऊन मजल्याची वीज बंद केली. बॅटरी वीस मिनिटे टिकली. मी डबा खाऊन परत आलो तेव्हा पडदा काळा होता आणि चिठ्ठी जागच्या जागी होती. वायरमनची यात काहीही चूक नाही. संगणक सुरू केल्यावर प्रणालीने परवलीचे वाक्य मागितले आणि माझ्या डोक्यात हसू सोडून काही शिल्लक नव्हते.

५. इतर अकरा रुग्णांची यंत्रे तोवर तयार झाली होती, त्यांचे काही अडले नाही. अडले ते एकट्या मावशींचे. त्यांची शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा लवकर, दि. २ फेब्रुवारीला करावी लागली आणि यंत्राच्या रांगेत त्यांचा नंबर मागे राहिला. स्वरयंत्र काढलेले असल्याने पुन्हा ध्वनिमुद्रण करणे शक्य नाही. हे पहिल्या अर्जात लिहिले होते, पण त्यावर 'डिजिटल स्वाक्षरी नाही, परत' असा शिक्का बसून तो परत आला. डिजिटल स्वाक्षरीला तीच किल्ली लागते जी हरवल्याचा तो अर्ज होता. दुसऱ्या अर्जात मी हेच जरा मोठ्या अक्षरांत लिहिले. त्यावरचा शिक्काही जरा मोठा होता.

६. आपल्या कार्यालयाने उत्तरे पाठवली नाहीत असे मी म्हणणार नाही. चार आली. ती गोपनीय असल्याने आपल्याकडून माझ्या किल्लीसाठी कूटबद्ध करून आली. मी फोन केला. चौकशीवरचे गृहस्थ सौजन्याने बोलले. उत्तर पाठवले आहे म्हणाले, मजकूर मात्र सुरक्षेच्या कारणास्तव फोनवर सांगता येणार नाही. मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला, कारण त्या दिवशी भांडायचे त्राण नव्हते.

७. महोदय, यंत्राला उशीर झाला तर एवढे काय बिघडते, असे आपल्याला वाटू शकते, म्हणून पुढचे लिहीत आहे. मावशींचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणतो, घड्याळे दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर पूर्ण गेली. मावशींना आता बोलता येत नाही आणि त्या जे लिहितात ते काकांना वाचता येत नाही. घरात दोघेच असतात. चहा झाला की मावशी टेबलावर एकदा टकटक करतात, जेवण वाढले की दोनदा. कधी तीनदाही करतात, ते कशासाठी हे मी विचारले नाही.

मधल्या काळात आम्ही त्यांना तयार आवाजाचे यंत्र दिले होते. त्यातली बाई स्पष्ट, शुद्ध बोलते. मावशींनी बटण दाबले, बाई म्हणाली, "चहा तयार आहे." काकांनी खुर्चीत जरा सावरून बसत उत्तर दिले, "हो, ठेवा. आपण कोण?" मावशींनी वहीत मला लिहून दाखवले, 'चाळीस वर्षांत मला कधी ठेवा म्हणाले नाहीत.' दुसऱ्या दिवशी त्या यंत्र पिशवीत घालून परत घेऊन आल्या. पावती मागितली नाही की तक्रारही केली नाही.

८. एप्रिलपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता आम्ही तिघे माझ्या खोलीत बसत आलो आहोत. परवलीचे वाक्य मावशींच्या घरच्या वाक्यांपैकी आहे, एवढाच धागा हाती होता. त्या दिवशी आपण काय काय बोललो हे मावशींना आठवेना, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण शस्त्रक्रिया तोंडावर आली होती. तेव्हा काका म्हणाले, ती काय बोलते ते तिला कसे ठाऊक असणार, ऐकत आलोय मी. मग काकांनी एकेक वाक्य सांगायचे, मी टाइप करायचे, असे ठरले. प्रत्येक वाक्य पूर्णविरामासह, पूर्णविरामाशिवाय, आणि आणखी चार-पाच प्रकारांनी.

दूध उतू गेलं तर माझ्या नावानं खडे फोडू नका. दार लावलं का, की मीच उठू. तुमच्या बहिणीला फोन करा, मग म्हणेल वहिनीनं करू दिला नाही. या धर्तीची वाक्ये. काका एका दमात पाच-सहा सांगत आणि मग थांबून हसत. मावशी मधूनच वही पुढे करीत, 'असं मी कधी म्हटलंच नाही.' वही काकांना दिसत नसल्याने ते मलाच मोठ्याने वाचावे लागे. त्यावर काका म्हणत, म्हटलंयस, आणि मी ते वाक्यही टाइप करी. मावशींनी एकूण आठ वाक्यांवर हरकत घेतली. चाळीस वर्षांचा संसार माझ्या कळफलकावरून गेला. माझ्या स्वतःच्या घरात रोज काय बोलले जाते, हे मला सांगता येणार नाही.

९. काल, दि. १२ जून रोजी, एकशे शहाऐंशी वाक्ये फुकट गेलेली होती. काका दमले होते, मीही. मावशी वहीत काही लिहायला निघाल्या आणि चष्मा सापडेना म्हणून पिशवी, खिडकी, माझे टेबल असे सगळे धुंडाळू लागल्या. काकांनी विचारले, ही कसली खुडबूड चालली आहे. मी सांगितले, मावशी चष्मा शोधताहेत. काका शांतपणे म्हणाले, "चष्मा डोक्यावर आहे आणि घर उलटंपालटं करताय." मग मला समजावून सांगितल्यासारखे म्हणाले, "हे ती मला म्हणायची. नजर गेल्यापासून चष्माच नाही, तर म्हणणार कधी?"

चष्मा डोक्यावरच होता. मला जानेवारीतले हसू आठवले, कारण त्या दिवशीही माझा स्वतःचा चष्मा माझ्या डोक्यावर होता आणि कानात ते वाक्य पडल्यावर मी हात वर नेऊन पाहिले होते. पूर्णविरामाशिवाय टाइप केल्यावर किल्ली उघडली. परवलीचे वाक्य अर्जात लिहिणे नियमबाह्य आहे हे मला माहीत आहे. मी ते आज सकाळी बदलले आहे आणि नवे वाक्य कागदावर लिहून कुलपात ठेवले आहे.

१०. किल्ली उघडल्यावर मी आधी आपली पत्रे वाचली. कर्तव्य म्हणून वाचली, आणि ती आधी वाचल्याचे मला वाईट वाटते. पहिल्या पत्रात किल्ली हरवल्यास तसे कूटबद्ध ईमेलने त्वरित कळवावे, असे आहे. दुसऱ्यात पहिल्या पत्राला उत्तर न आल्याबद्दल नाराजी आहे. तिसऱ्यात, न उघडणाऱ्या फाइली विनाकारण जागा अडवतात, असे निरीक्षण आहे. चौथ्यात म्हटले आहे की सात दिवसांत हरकत न आल्यास ती नाही असे समजून चार संगणक दि. १ जूनला आणि पाचवा दि. ३० जूनला पूर्णपणे पुसण्यात येईल. माझी हरकत गेली नाही, कारण हरकत घ्यायची आहे हे मला काल पावणेचारला कळले. मी लगेच चारही मजल्यांवर जाऊन आलो. चारही संगणक कोरे आहेत आणि चांगले चालतात.

११. म्हणजे आम्ही जूनमध्ये इथे बसून दारे, दूध आणि बहिणी टाइप करीत होतो, तेव्हा सोळाशे वाक्ये आधीच गेलेली होती. मावशींच्या आवाजाचे यंत्र आता होणार नाही. हे त्यांना सांगायचे काम माझ्याकडे आले. जिना चढून खोलीत यायला मला बराच वेळ लागला. मी सांगितले. मावशींनी चष्मा काढून पुसला आणि वही उघडलीच नाही. मला माफी मागायची होती, पण ती मागून मलाच हलके वाटले असते, म्हणून ती न मागता पाचव्या संगणकावरची फाइल सुरू केली. एकसष्ट वाक्ये आहेत, एकूण सहा मिनिटे चाळीस सेकंद. काकांनी पहिले वाक्य ऐकले तेव्हा ते दाराकडे वळले, मग त्यांना कळले की आवाज समोरच्या खोक्यातून येतो आहे. एकसष्टही वाक्ये ऐकून झाली. मी म्हणालो, काका, एवढीच राहिली आहेत, यंत्राला सोळाशे लागतात. काका म्हणाले, "एवढी पुरेत. ती याहून वेगळं काय बोलायची?"

मावशींनी त्यांच्या हातावर चापट मारली, आणि मग तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

१२. एकसष्ट वाक्ये एकसष्ट बटणांवर बसवणे सोपे आहे. असे बटणांचे खोके मी घरी बसून करू शकतो आणि कार्यालयाला त्यासाठी काहीही पुरवावे लागणार नाही. अडचण अशी की परिपत्रकानुसार उघडलेली फाइल कक्षाबाहेर कोणालाही देता येत नाही. 'कोणालाही' या शब्दात, ज्याचा आवाज आहे तो माणूसही येतो का, हे परिपत्रकात दिलेले नाही. तरी विनंती की पाचवा संगणक पुसण्याचा आदेश रद्द व्हावा आणि ही वाक्ये मावशींना देण्याची परवानगी मिळावी. किल्ली सांभाळण्यात माझी चूक झाली, ती मला मान्य आहे, आणि त्याबद्दल जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी. ती फाइलवर करू नये.

१३. हा अर्ज किल्लीने स्वाक्षरी करून ईमेलने पाठवला आहे आणि कागदावरही देत आहे, कारण कागद कोणालाही वाचता येतो. आपल्या चौथ्या पत्रातील पद्धत मला पटली आहे. दि. २० जूनपर्यंत आपली हरकत न आल्यास ती नाही असे समजून मी दि. २१ रोजी सकाळी एकसष्ट वाक्ये घेऊन मावशींच्या घरी जाईन. हरकत असल्यास कृपया साध्या कागदावर कळवावी.

आपला नम्र, आणि २० जूनपर्यंत पाचव्या संगणकासमोरून न हलणारा,

(स्वाक्षरी)
ध्वनिमुद्रण सहायक,
आवाज जतन कक्ष
दि. १३ जून

सोबत :
१) काकांनी सांगितलेल्या एकशे सत्त्याऐंशी वाक्यांची यादी.
२) त्यांपैकी मावशींनी हरकत घेतलेली आठ वाक्ये, वेगळी. (ध्वनिमुद्रण ऐकल्यावर त्यांपैकी सहा मावशींनीच म्हटल्याचे आढळले.)
३) आपली चार पत्रे, उघडलेली.
४) मावशींचे संमतिपत्र, वहीतील एक पान. त्यावर एवढाच मजकूर आहे : 'आवाज माझा आहे. मला घरी हवा आहे.'