एकच फोल्डर पुसला गेला

तीर्थस्वरूप भगवंतराव अण्णांना बसवनगुडीहून धाकट्या चुलतभावाचा, ऋतुराजचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? आनेकलच्या बसच्या पायऱ्या उंच असतात, जपून चढा. वहिनींचे लोणचे पोहोचले. सध्या ते घशाखाली उतरत नाही, त्यात लोणच्याचा दोष नाही.

फोनवर सांगायचा धीर होत नाही, म्हणून पत्र. तुम्ही निवृत्त झाल्यावर लष्करी डेपोतली तुमची कारकुनाची खुर्ची माझ्याकडे आली, हे ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात आमचा सर्व्हर भरला. नवा घ्यायचा नाही, आहे त्यातच काटकसर करायची, असे कर्नलसाहेबांनी ठरवले. मी (स्वतःला हुशार समजून) नियम सुचवला की तीन वर्षांत जी फाइल कुणी उघडली नाही ती पुसायची. मुदत आठ दिवस. आपली माणसे तुम्ही ओळखता. वाट्याची जागा कमी होणे म्हणजे अब्रू जाणे. प्रत्येक विभागाने परेडनंतर जवान ओळीने बसवले आणि एकूण एक फाइल उघडून बंद करायला लावली. लंगरच्या स्वयंपाक्यांनी दहा वर्षांपूर्वीची कांद्याची मागणीपत्रे उघडली, बँडवाल्यांनी एकाच धुनेच्या चाळीस प्रती. शेवटी सबंध डेपोत फक्त एक फोल्डर पुसला गेला. सगळे हसले, मीही हसलो. कुणाचा, ते पाहिले नाही.

परवा चंद्राबाई गेटवर आल्या. पेन्शन अडकली आहे. “अण्णांना बोलवा की, त्यांना माझं सगळं ठाव हाय,” एवढेच म्हणत राहिल्या. त्यांची नोंद शोधायला गेलो तेव्हा कळले. अण्णा, तो फोल्डर तुमचा होता. अठरा वर्षे पत्रे लिहून जमवलेले युनिटमधल्या दोनशे सहा विधवांचे पत्ते, कुणाचे काय अडले आहे, सगळे गेले. दुसरी प्रत होती, पण जागा वाचवायला ती मी आदल्याच आठवड्यात पुसली होती. (त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले आहे.) तुम्ही डेपो सोडल्यापासून त्यातल्या एकीलाही इथून पत्र गेले नव्हते, याची मला फार लाज वाटते.

तुमचा,
ऋतुराज

ता.क. त्या बायकांनी तुम्हाला पाठवलेली जुनी पोस्टकार्डे वहिनी बंबात घालणार होत्या. घातली नसतील तर थांबवा. रविवारी न्यायला येतो. चंद्राबाईंचे कार्ड तेवढे वर काढून ठेवा.

ता.क. २. त्या आठ दिवसांत मीही एक फोल्डर उघडला होता. आमच्या कावेरीच्या बारशाचे फोटो, सरकारी सर्व्हरवर ठेवलेले. तुमचा फोल्डर त्याच्याच खाली होता.